सेमी सिंथेटिक की फुल सिंथेटिक, आपल्या बाईकला कुठलं ऑइल?

आमच्याकडं खानापूर, निपाणीकडची पोरं रोज गाडीवर बेळगावला येतात, त्यांचा नेहमीचा प्रश्न हाच, म्हणून स्पष्ट सांगतो. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हाय, रोजचं ऑफिस, मार्केट एवढंच काम, तर सेमी सिंथेटिक, म्हणजे साधं नि कृत्रिम ऑइल मिसळलेलं, बास. फुल सिंथेटिकची, म्हणजे पूर्ण कृत्रिम ऑइलची, खरी मजा उष्णतेत, म्हणजे चोर्ला घाटातनं डबल सीट गोव्याला जाताना इंजिन तापतं तेव्हा ते लवकर पातळ होत नाही, जळून घट्टही होत नाही, थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर पटकन इंजिनात वर चढतं. दोनशे सीसीच्या पुढची गाडी असली तर मी तरी तेच घालीन.

पैशाचं गणित बाटलीवर नको, किलोमीटरवर करा. सेमी ३००० किलोमीटरला बदलताय आणि दुप्पट किमतीचं फुल ६००० ला, तर खर्च सारखाच की ओ! पण महाग ऑइल घालून परत ३००० लाच काढणार असाल तर पैसे वाया. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच धरा, आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातनं एकदा बदलाच, कारण दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, आत पाणी नि पेट्रोल साठून ऑइल खराब होतं.

एक मात्र विसरू नका, गियरच्या बाईकला बाटलीवर जासो एमए (JASO MA) किंवा एमए-टू (MA2), म्हणजे बाईकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी शिक्का, बघूनच घ्या, कारचं स्वस्त ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी, दर पंधरा दिवसाला बघा.