छातीचा हार्ट रेट पट्टा: पाच महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः टिचबटणांविषयी

ऑक्टोबरात पट्टा बिघडला. सेन्सरची डबी ठणठणीत, सेल नवा, तरी आकडा घडीत ९०, घडीत २१०. दोष निघाला डबी अडकवायच्या दोन टिचबटणांत. पितळेचं भांडं कळकतं तसा त्यांवर हिरवट थर चढला होता. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: घामाने गंज धरला, वॉरंटीत बसत नाही. छातीवर बांधायच्या वस्तूला घाम लागणारच, आणि तो न सोसणारं बटण लावणं ही बनवणाऱ्याची चूक आहे. नुसता पट्टा घ्यायचा तर पूर्ण संचाच्या जवळपास निम्मे पैसे. पाच महिन्यांत एवढा खर्च पुन्हा करणं पटत नाही.

नवी मुंबईच्या दमट हवेत पट्टा खुंटीला टांगून वाळत नाही, हे आधी धरून चाला. पळून आल्याबरोबर डबी काढा. ओल्या पट्ट्यावर ती तशीच राहिली तर पट्टा अंगावर आहे असं समजून सुरूच राहते, सीआर २०३२ सेल फुकट संपतो आणि बटणांच्या खाचेत खारट ओल अडकते. पट्टा दरवेळी साध्या पाण्याखाली धरा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, त्याचा थर इलेक्ट्रोडवर, म्हणजे कातडीला टेकून ठोके टिपणाऱ्या आतल्या भागावर, बसतो. पिळू नका, सावलीत पंख्याखाली वाळवा. बटणांना जुना मऊ टूथब्रश फिरवा आणि कोरडी पुसा. पहिल्या दिवसापासून हे झालं असतं तर पट्टा आणखी टिकला असता.

एवढं असूनही दुखापतीनंतर परतणाऱ्याने मनगटावरच्या सेन्सरवर भिस्त ठेवू नये, असंच मत आहे. टाचेच्या शिरेच्या (अकिलीस टेंडनच्या) दुखण्यानंतर सुरुवात १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं अशा सहा फेऱ्यांनी होते. मनगटावरचा आकडा मागे रेंगाळतो. तो वर चढेपर्यंत पळण्याचं मिनिट संपलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे तो पावलांच्या तालाला चिकटतो. पाम बीच रोडवर घड्याळ सलग १६८ दाखवत होतं, पट्टा १४२. मिनिटाला पावलं किती? १६८. घड्याळावर विश्वास ठेवला तर सोपं पळणंही उगाच आणखी हळू करावं लागतं.

कोरड्या छातीवर पहिली पाच-दहा मिनिटं पट्टाही भलते आकडे देतो. इलेक्ट्रोड पाण्याने नीट भिजवून बांधला की ते थांबतं. बरगड्यांवर घट्ट, पण पूर्ण श्वास घेता येईल इतका. घड्याळातले झोन (सोपं, मध्यम, जोरात अशा ठोक्यांच्या पातळ्या) मात्र २२० वजा वय या सूत्रावर असतील तर बदला. माणसागणिक १० ठोक्यांचा फरक सहज पडतो. सलग वाक्य बोलता येतं तोवर पळणं सोपं, ही कसोटी जास्त भरवशाची.

जून-जुलैत या पट्ट्याला पाचपैकी पाच दिले असते. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या वेगात १५८ ठोके पडत होते, म्हणजे जुना वेग अजून परवडत नाही हे स्पष्ट दिसायचं. सप्टेंबरात त्याच वेगात १४३ आले, आणि इथे मत बदललं. विश्रांतीत रक्तातला द्रवभाग लवकर घटतो आणि पळायला लागलं की तो लवकर भरूनही येतो, त्यामुळे ठोके काही आठवड्यांत खाली येतात. शिरेला भार पेलायला महिने लागतात. पट्टा हृदयाचं खरं सांगतो, पण टाचेबद्दल त्याला काहीच कळत नाही. उतरलेला आकडा पाहून अंतर वाढवलं की दुखणं परतायची दाट शक्यता असते.

टाचेसाठी वेगळी मोजणी ठेवावी. पळण्याआधी ३० मिनिटं झपझप चालून दुखू नये, आणि एका पायावर टाच उचलणं दोन्ही पायांनी २०-२५ वेळा सारखं जमावं. मग १-४ नंतर २ मिनिटं पळणं-३ चालणं, पुढे ३-२, ४-१ असे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर किमान तीन पळणी, मध्ये एक दिवस मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच नेहमीपेक्षा जास्त आखडली असेल तर एक टप्पा मागे, मग पट्ट्याचा आकडा कितीही छान असो. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची घाई असली तरी येऊरचा चढ शेवटी ठेवा: चढताना टाच खाली जाऊन शीर ताणली जाते, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही. तोवर ज्वेल ऑफ नवी मुंबईचा सपाट ट्रॅक पुरेसा आहे.

पूर्ण नवा संच घेण्याआधी डबी खिशात टाकून दुकानात जा. बऱ्याच कंपन्यांच्या टिचबटणांमधलं अंतर जुळतं, सगळ्यांचं नाही, म्हणून तिथेच बसवून बघा. आता जुनी डबी दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त पट्ट्यावर आहे आणि आकडे स्थिर येतात.