मिनी लेथ आठ महिने वापरल्यावर: एका पाऊण इंची इंजिनाचा हिशेब

खोक्यातून बाहेर येतो तो लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) नसतो, लेथ बनवायचा कच्चा माल असतो. हे विकत घेण्याआधी कुणी मला सांगितलं असतं तरी मी घेतलाच असता, पण निदान चिडचिड कमी झाली असती. पेशानं मी हिशेबनीस, त्यामुळे गच्चीवरच्या खोलीत वही ठेवली आहे. आठ महिन्यांत २१२ तास मांडले, त्यातले ७४ तास लेथच नीट करण्यात गेले. उरलेल्या १३८ तासांत स्टुअर्ट कंपनीच्या १०व्ही या वाफेच्या उभ्या छोट्या इंजिनाचा कास्टिंग संच, म्हणजे ओतीव सुट्या भागांचा संच, घासूनपुसून उभा राहिला. बोर (सिलिंडरचा आतला व्यास) पाऊण इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाऊण इंच, फ्लायव्हील म्हणजे जड चाक तीन इंची. इंग्लंडात शंभराहून अधिक वर्षं हौशी लोक या कंपनीची इंजिनं घरी बनवत आले आहेत, त्यामुळे शिकायला हे बरं.

मशीन तेच, सगळीकडे वेगवेगळ्या रंगांत मिळणारं चिनी ७ बाय १४. म्हणजे बेडवर, खालच्या लोखंडी बैठकीवर, ७ इंचांपर्यंतचं काम फिरतं आणि दोन सेंटरांमध्ये १४ इंच जागा. डीसी मोटर, आत प्लॅस्टिकचे गिअर, वजन चाळीस किलोंच्या वर. जिन्यावरून चढवायला भाचा आणि शेजारचे काका लागले. पाठीचा हिशेब वहीत नाही.

पहिला रविवार लाल ग्रीस डिझेलनं पुसण्यात गेला. मग स्लाइडच्या गिब, म्हणजे सरकत्या भागांचा सैलपणा काढणाऱ्या पट्ट्या, खोलल्या, त्यांच्या कडा दगडावर घासल्या, पुन्हा कसल्या. दोन नटांच्या मध्ये सगळा जीव आहे: थोडं सैल ठेवलं की टूल नाचतं, थोडं घट्ट केलं की हँडल फिरवताना मनगट दुखतं. सोबत आलेली ब्रेझ केलेली कार्बाइडची टूलं मी पेपरवेट म्हणून वापरतो. त्याऐवजी ८ मिमीचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट आणून स्वतः धार लावायला शिकलो. पितळेला टूलचा माथा सपाट ठेवायचा, पोलादासारखा उतार दिला की ते कामात घुसतं. पितळेत ड्रिलही असंच ओढून घेतं, म्हणून पितळेसाठी वेगळी ड्रिलं ठेवून त्यांची धार मुद्दाम थोडी बोथट केली. टूलची उंची सेंटरला आणायला खाली हॅक्सॉच्या जुन्या ब्लेडचे तुकडे घालतो.

आता हँडलवरची मापाची डायल. इंग्लंडचं ड्रॉइंग इंचात, आणि माझ्या लेथच्या डायलवर एका फेऱ्यात ४० रेघा, एक रेघ एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असं लिहिलेलं. एका बेअरिंगचा खांदा ४०० थाऊ कापायचा होता. दहा फेरे मोजून दिले. व्हर्निअर म्हणाला ३९४. पुन्हा केलं, पुन्हा ३९४. दोनदा तोच फरक आला की हिशेबनिसाला आनंद होतो, कारण मग ती चूक बेहिशेबी नसते. आतला स्क्रू निघाला १ मिमी पिचचा, एका फेऱ्यात १ मिमी सरकणारा. म्हणजे एक फेरा ३९.३७ थाऊ, आणि डायल छापणाऱ्यानं त्याचे सरळ ४० केले. दहा फेऱ्यांत सहा थाऊ गळाले. उपाय फुकट आहे: सगळं ड्रॉइंग मिमीत उतरवलं आणि रेघेला थाऊ म्हणणं सोडलं. १ मिमीचे ४० भाग, एक रेघ बरोबर ०.०२५ मिमी. शिवाय टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवर एक रेघ आत गेली की व्यास दोन रेघांनी कमी होतो, हे पहिल्या महिन्यात मी तीनदा विसरलो आणि तीन पितळी बुशं भंगारात टाकली.

टेपरनंही, म्हणजे रॉड एका टोकाला निमुळता होण्यानं, असंच छळलं. २५ मिमीचा रॉड चकात, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या पकडीत, धरून दोन ठिकाणी कापला, मधलं अंतर १०० मिमी, आणि मायक्रोमीटरवर ०.०५ मिमीचा फरक. दोष लेथचा नव्हता, माझ्या टेबलाचा होता. लाकडी फळी वाकडी, त्यावर बोल्ट आवळले की बेडला पीळ बसायचा. एका पायाखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पत्र्याची चकती सरकवली, पुन्हा कापलं, पुन्हा मोजलं. तीन संध्याकाळी घालवून फरक ०.०१ वर आला, तिथे थांबलो.

तीन जॉचा (जबड्यांचा) चक ०.०८ मिमीनं भिरभिरतो. पहिल्यांदा डायल इंडिकेटर (डगमग मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून पाहिलं तेव्हा परत पाठवायचं ठरवलं होतं. मग समजलं की एकदा पकडलेलं काम न सोडता बाहेरून कापलं, आतून ड्रिल केलं आणि तिथेच पार्टिंग केलं, म्हणजे कापून वेगळं केलं, तर चक कितीही तिरका असो, भोक आणि बाहेरचा गोल एकाच अक्षावर येतात. पिस्टनचं तर थोडा मोठा ठेवून रॉडवर आटे घालून बसवायचा आणि रॉड कोलेटमध्ये (नेमक्या व्यासाच्या गोल पकडीत) धरून शेवटचा कट घ्यायचा. सिलिंडरला मात्र चार जॉचाच चक हवा, एकेक जॉ सरकवत डायल इंडिकेटरचा काटा शांत होईपर्यंत. मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, आता दहा.

बिडाचं काम ज्यांना करायचंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळू असते आणि ती कठीण असते. भीत भीत पातळ कट घेतला तर टूल त्या कातडीवरच घासत बसतं आणि मरतं. पहिल्याच कटाला खाली उतरायचं. आणि इथेच या लेथचा दम संपतो. एचएसएस टूलनं बीड कापायला मिनिटाला साधारण २५ मीटर वेग धरला, तर १९ मिमीच्या बोरला ४२० आरपीएम लागतात, ते आरामात मिळतात. तीन इंची फ्लायव्हीलला मात्र १०५ लागतात. इतक्या खाली डीसी मोटरची ताकद ओसरते. मिलिमीटरभर कट दिला की मोटर कण्हते, दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतकी तापते. एका बाजूचं फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करण्यात, दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी फ्लायव्हील आणि सिलिंडर पिशवीत घालून उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा, बिडाचं काम कळणारा माणूस चहाच्या अंतरावर असतो. सिलिंडरवर वाफ आत-बाहेर जायच्या पोर्टचे अरुंद खाचेही मिलिंगवर पाडून हवे होते. ओळखीच्या मिस्त्रींनी फ्लायव्हील हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"सायेब, ही कुठल्या मोटारीची म्हणायची?"

"मोटारीची नाही मिस्त्री, वाफेच्या इंजिनाची. एवढंसंच असतं ते."

"आनि ह्ये चालवून करायचं काय?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्यांनी मोठ्या लेथवर दुसरी बाजू आणि रिम सहा मिनिटांत काढून दिली, पैसे घेतले नाहीत. "फिरायला लागलं की दाखवायला आना," एवढंच.

पार्टिंगबद्दल. पितळ कापलं जातं, पोलादात ब्लेड अडकतं. चौथ्या महिन्यात असंच अडकलं आणि कटकट आवाज होऊन चक थांबला. आतल्या प्लॅस्टिक गिअरचे पाच दात गेले. मी पोलादी गिअर मागवणार होतो, पण मग विचार केला, काहीतरी तुटायचंच होतं, तर ते स्वस्तातलं तुटलं हेच बरं. पुन्हा प्लॅस्टिकचाच बसवला आणि एक जादा ठेवला. पार्टिंग करताना सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) जागेवर जखडायची सोय या मॉडेलमध्ये नाही, ती मी १२ मिमीच्या पट्टीतून केली. टेलस्टॉक, चकासमोरचा आधार, दर वेळी पान्यानं आवळावा लागायचा, त्याला लिव्हर केलं. बीड कोरडंच कापायचं, पण त्याची काळी धूळ तेलात मिसळली की बेडला सँडपेपरसारखी लागते, म्हणून आधी बेडवर वर्तमानपत्र.

आणि पाऊस. जुलैत दोन दिवस गावाला गेलो आणि परत येतो तो बेडवर केशरी ठिपके. आता रोज काम संपल्यावर तेलाचा हात, वरून जुनी सुती साडी, आणि पावसाळाभर आत ४० वॉटचा बल्ब पेटता. आमच्या घरात आता गच्चीवर दिवा दिसला की "लेथ झोपला" म्हणतात.

पैशांचं बोलायचं तर लेथ पाऊण लाखाच्या आतबाहेर, आणि त्याच्यामागे चार जॉचा चक, कोलेट, मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर, आटे पाडायचे टॅप-डाय मिळून आणखी तीस हजार. हा दुसरा आकडा कुणी जाहिरातीत सांगत नाही. इंजिनाला बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे टॅप लागतात. मी ५ बीए आणि ७ बीएच्या जागी एम३ आणि एम२.५ वापरले. आकार जवळचे आहेत आणि बाहेरून कुणाला ओळखू येत नाही.

कुणी घ्यावा? ज्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मशीनच्या पोटात शिरायला आवडतं त्यानं. पाच मिमी ते पन्नास मिमी व्यासाची पितळ, गनमेटल, ब्राइट बारची कामं तो चांगली करतो, ०.०२ मिमीच्या आत. ज्याला रविवारी बटण दाबून पार्ट हवाय, त्यानं जुना भारतीय लेथ शोधावा आणि तळमजल्यावर जागा करावी.

इंजिन गेल्या महिन्यात फिरलं, वाफेवर नाही, टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरवर. पहिल्यांदा उलटं फिरलं, कारण एक्सेंट्रिक (वाफेची झडप हलवणारी तिरकस चकती) क्रँकच्या चुकीच्या बाजूला बसवला होता. ग्रब स्क्रू सैल करून तो पलीकडे नेला, तेव्हा सुलटं. ग्लँडमधून, रॉडभोवतीच्या गळतीरोधकातून, हवा अजून फुसफुसते, ग्राफाइटची दोरी बदलायची आहे. मिस्त्रींना दाखवायला नेलं तर त्यांनी फ्लायव्हीलला बोट लावून थांबवलं, सोडलं, पुन्हा थांबवलं. मग कान लावून म्हणाले, "खालचं बेरिंग जरा ओढतंय."

ओढतंय खरंच. ते पहिल्या महिन्यात केलेलं होतं, डायलवर विश्वास ठेवून. नवीन करायला घेतलंय.