केनिया: घरचं न्यायाधिकरण की हेग?

२००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात केनियात ११०० हून जास्त माणसं मारली गेली. एल्डोरेटजवळ कियाम्बातल्या चर्चमध्ये जीव वाचवायला शिरलेल्या बायका-मुलांना आतच जाळलं. दोषींना शिक्षा कुठे द्यायची, यावर दोन वाटा होत्या.

पहिली, देशातच विशेष न्यायाधिकरण. या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने तेच सुचवलं होतं: केनियाच्या न्यायाधीशांसोबत परदेशी न्यायाधीशही. सरकारला किंवा इतर न्यायालयांना ते मोडीत काढता येऊ नये म्हणून घटनादुरुस्ती हवी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये संसदेत दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक होते. काहींना खटलेच नको होते. काहींना नैरोबीतल्या न्यायावर भरवसा नव्हता, आणि त्यांची शंका रास्तच होती.

दुसरी, हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. सत्तेपासून लांब, पण पुराव्यांसाठी त्याच सरकारवर अवलंबून. सहा जणांवर ठपका आला. त्यातले उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो हे नेते २०१३ मध्ये अनुक्रमे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले. साक्षीदार फिरले. केन्याटांवरचे आरोप २०१४ मध्ये मागे घेतले गेले, रुटोंचा खटला २०१६ मध्ये बंद झाला.

मला घरचाच पर्याय बरा वाटतो, पण घटनेचं कवच असेल तरच. कियाम्बातल्या माणसाला साक्षीसाठी नैरोबी गाठता येतं.