विंडशील्डवरची संरक्षक फिल्म: एक उन्हाळा आणि कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो, कारण मुंबई-गोवा महामार्गावरून नेहमी ये-जा करणारे बरेच जण मला विचारतात की ही फिल्म लावून खरंच उपयोग होतो का. पुढच्या काचेवर बाहेरून लावायची पारदर्शक फिल्म काम करते. बारीक खडी, वाळू, वायपरखाली घासला जाणारा कचरा हे सगळं ती स्वतःच्या अंगावर घेते आणि खालची काच नव्यासारखी राहते. मोठा दगड वेगात आदळला तर मात्र फिल्म असूनही काच तडकते. शिवाय ती झिजते, टायर झिजतो तशीच, आणि झिजली की बदलावी लागते. हे आधीच मान्य असेल तरच तिच्यावर पैसे घालावेत.

माझं घर पनवेलला आणि नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत. पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे हा रस्ता मला पाठ आहे. 2011 पासून चौपदरीकरणाचं काम बघत आलोय. जिथे काँक्रीट झालंय तिथे गाडी छान पळते, आणि मध्येच एखादं डायव्हर्जन आलं की डांबर संपून सुटी खडी सुरू होते. काचेचा घात होतो तो अशाच जागी. डंपरच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत खडी अडकते आणि त्याने वेग घेतला की सुटून मागे उडते. समोरून येणारी बस रस्त्याच्या कडेची खडी उडवते ती वेगळीच. ही खडी क्रशरमधून आलेली, काळ्या बेसाल्टची. तिच्यातली खनिजं काचेइतकी किंवा काचेहून थोडी जास्तच कठीण असतात, आणि फोडलेल्या खडीला धार असते. जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक पुढे असला तर मला इतकी धास्ती वाटत नाही. जांभा ठिसूळ, काचेवर बहुधा लाल पूड सोडून जातो.

मोठा टवका सगळ्यांना दिसतो. माझा खरा त्रास होता तो न दिसणाऱ्या टोचणीचा. आधीच्या गाडीची काच दिवसा अगदी स्वच्छ वाटायची. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पडले की सगळी काच चकाकायची, प्रत्येक दिव्याला फाटे फुटायचे, आणि पावसात तर रस्त्याची कड शोधावी लागायची. सुईच्या टोकाएवढे हजारो खड्डे काचेत पडलेले असतात, ते हा उजेड पसरवतात. पुसून ते जात नाहीत. म्हणून नवी गाडी आली तेव्हा तिची काच कोरी असतानाच फिल्म लावायचं ठरवलं.

दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टींची माहिती असलेली बरी. पहिली म्हणजे काचेचं कोटिंग आणि ही फिल्म यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नॅनो किंवा सिरॅमिक कोटिंगचा थर इतका पातळ असतो की दगडाचा धक्का तो शोषूच शकत नाही. त्याने पाणी थेंब होऊन पळतं, तेवढंच. 'नाइन एच कडकपणा' म्हणून जे सांगतात ते पेन्सिलींच्या मोजमापातलं आहे. सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. दगडाशी त्याचा संबंध नाही, आणि हे ग्राहकाला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. दुसरी गोष्ट, बॉडीवर लावतात ती जाड, रबरासारखी टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी फिल्म, काचेसाठी नसते. ती मऊ असल्यामुळे वायपरखाली लवकर खराब होते आणि तिच्यातून बघताना डोळ्यांवर ताण येतो. काचेसाठी बहुतेक करून पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), वरून कडक थर दिलेली फिल्म येते. जाडी साधारण 100 ते 200 मायक्रॉन. माझी 100 च्या जवळपासची आहे. काही कंपन्या आता खास काचेसाठी टीपीयूची फिल्मही काढतात, पण मी ती वापरलेली नाही.

लावण्याचं काम बघण्यासारखं असतं. पुढची काच दोन दिशांनी वळलेली, फिल्म मात्र सपाट. त्यामुळे ती आधी काचेवर पसरून हीट गनने गरम करतात आणि काचेचा आकार घेईपर्यंत हळूहळू आवळत नेतात. मग साबणाचं पाणी मारून, गोंदाची बाजू काचेला लावून, स्क्विजीने (रबरी पट्टीने) पाणी बाहेर काढतात. या कामात कारागिराचा हात सर्वांत महत्त्वाचा. उष्णता जास्त झाली की फिल्ममध्ये लाटा येतात आणि त्या नेमक्या खालच्या कोपऱ्यात, बॉनेटच्या वर दिसतात. धुळीचा एक कण आत राहिला तर तो कायम डोळ्यांसमोर. माझ्या गाडीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात किंचित लाट आहे. चालकाच्या नजरेत येत नाही म्हणून मी ती चालवून घेतली. उजव्या बाजूला असती तर पुन्हा करायला लावलं असतं, आणि तुम्हीही लावावं. खर्च बारा हजारांच्या आसपास आला. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची जागा कापून मोकळी ठेवायला मी सांगितलं होतं. लेन ओळखणारा कॅमेरा असलेल्या गाडीत हे आवर्जून सांगा.

पहिले काही दिवस फिल्मखाली पाण्याचे धुरकट डाग दिसतात, ते उन्हाने आपोआप सुकतात. मात्र त्या काळात पावसाच्या सेन्सरच्या वर पाणी अडकलं असेल तर कोरड्या रस्त्यावरही वायपर आपोआप फिरायला लागतो. सेन्सर काचेतून परत येणारा प्रकाश मोजतो आणि पाण्याचा फुगा त्याला पाऊस वाटतो. त्या दिवसांत वायपर हाताने चालवायचा. कडा चिकटेपर्यंत कारही धुवायची नाही.

उन्हाळा निर्धास्त गेला. फिल्म आहे हे मी विसरूनच गेलो होतो, फक्त पोलराइज्ड गॉगल घातला की काचेवर इंद्रधनुषी पट्टे दिसायचे. पीईटीचा तो गुणधर्मच आहे. मला त्याची सवय झाली नाही, मी साधा गॉगल घेतला. ज्यांना पोलराइज्डच लागतो त्यांनी फिल्म लावलेल्या एखाद्या गाडीत बसून आधी बघून घ्यावं.

माणगावच्या अलीकडे एका डंपरने उडवलेला खडा अगदी माझ्या डोळ्यांसमोर आदळला. आवाज एवढा मोठा की काच गेलीच असं वाटलं. उतरून बघितलं तर फिल्मवर पांढरट खाच, आणि नखाने चाचपलं तरी खाली काच शाबूत. असे बारीकसारीक मार तिने किती खाल्ले ते वरच्या खुणांवरून दिसत होतं. माझ्या मेहुण्याची गाडी जवळपास त्याच वयाची, त्याच रस्त्यावर चालणारी, फिल्म नसलेली. रात्री दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या करून दिवे लावून बघितले तेव्हा फरक स्पष्ट कळला. त्याच्या काचेवर टोचणीची चमक आहे, माझ्या काचेवर नाही.

काँक्रीटच्या कामामुळे आणखी एक त्रास होतो, तो सिमेंटच्या शिंतोड्यांचा. मिक्सरमधून सांडलेला ओला माल चाकाने उडून काचेवर बसतो आणि उन्हात दगड होतो. साध्या काचेवर तो ब्लेडने खरवडता येतो. फिल्मवर ब्लेड लावता येत नाही. म्हणून शिंतोडे ओले असतानाच बाटलीभर पाणी ओतून घालवायचे. मी त्यासाठी पाण्याचा कॅन डिकीतच ठेवतो.

आता पावसाळा. फिल्मची परीक्षा तिथे झाली. सुरुवातीला पाणी सुंदर पळायचं, जुलैमध्ये मुसळधार पावसातही समोरचं नीट दिसायचं. ऑगस्टपासून वायपर थरथरायला लागला, म्हणजे एका दिशेने नीट जायचा आणि परत येताना उड्या मारत यायचा. नवी रबरं टाकली, बरंच कमी झालं. पण तोवर वायपरच्या कमानीत बारीक ओरखडे उमटले होते. समोरून ट्रकचे दिवे आले की ते दिसायचे. कोरी काच खराब होऊ नये म्हणून लावलेली फिल्मच आता रात्री त्रास द्यायला लागली, हे मला लिहायलाच हवं. फरक एवढाच की फिल्म काढता येते.

हे ओरखडे पावसाने कमी आणि कोरड्या पुसण्याने जास्त पडतात. वडखळ-नागोठण्याच्या पट्ट्यात गाडीवर बसलेली धूळ म्हणजे दगडाची भुकटी. तिच्यावरून वायपर कोरडा फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. आधी वॉशरचं पाणी, मग वायपर. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना मी पुढची काच वगळायला सांगितलं आहे. ते एका बादलीत आणि एकाच फडक्यात सगळ्या गाड्या पुसतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण फिल्मला ते फडकं सोसत नाही. काच साफ करायचं अमोनिया असलेलं द्रावणही वापरत नाही. साधं पाणी, थोडा सौम्य शाम्पू, मायक्रोफायबर.

पावसाळ्याच्या शेवटी लोणेऱ्याजवळ समोरच्या बसने उडवलेल्या मोठ्या खड्याने डावीकडे चांदणीसारखा टवका पाडला. फिल्मही फाटली आणि खालची काचही गेली. विंडशील्ड दोन काचांची असते, मध्ये 0.76 मिलिमीटरच्या आसपास पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पडदा, म्हणून ती बाजूच्या काचेसारखी भुगा होऊन खाली येत नाही. माझ्याही गाडीत फक्त बाहेरची काच दुखावली होती. अशा टवक्यात रेझिन भरून अतिनील दिव्याने घट्ट करतात आणि तडा पुढे जाणं थांबतं, पण टवका लहान हवा, आत पाणी आणि धूळ गेलेली नको. तिथल्या तिथे त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि एसीचा थंड झोत काचेवर सोडला नाही, कारण गरम काचेवर गार हवा आली की तडा पळतो. दुरुस्तीवाल्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही की फिल्म काढल्याशिवाय रेझिन आत जाणार नाही. ती वाफेने मऊ करून काढली, बराचसा गोंद तिच्याबरोबरच निघाला. खालची काच, तो टवका सोडला तर, शोरूममधून आली तशी होती. मी नखाने, टॉर्चने, सगळ्या कोनांतून बघितली.

विम्याचा हिशेब अनेक जण चुकीचा करतात. आपल्याकडे मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नसला तरी काचेची किंमत कापली जात नाही. मात्र सक्तीची वजावट आहे, म्हणजे दाव्यातली आपल्या खिशातून भरायची रक्कम, 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये आणि त्यावर 2000 रुपये, आणि दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो वर्षागणिक 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. म्हणून स्वस्त काचेच्या छोट्या गाडीला फिल्म लावण्यात फारसा अर्थ नाही, काच बदलून घेतलेली परवडते. ज्यांच्या काचेत कॅमेरा, सेन्सर, गरम होणाऱ्या तारा आहेत, काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, त्यांचं गणित वेगळं. जीपसारखी उभी काच असलेल्यांचंही वेगळं, कारण तिरक्या काचेवरून खडा निसटून जातो, उभ्या काचेवर तो सगळा मार बसतो.

कायद्याबद्दल विचारणारेही खूप आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला काचांवरच्या फिल्मवर बंदी घातली. नंतर केंद्रीय मोटार वाहन नियम 100 मध्ये दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 2021 पासून 'सेफ्टी ग्लेझिंग'चा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही, समावेश झाला, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, ही अट कायम राहिली. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये या मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला मुभा दिली. रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला हे सगळं ठाऊक असेलच असं नाही. पूर्ण पारदर्शक फिल्म घ्यावी, किंचितही रंगाची नको, आणि प्रकाशाचं प्रमाण लिहिलेला कागद गाडीत ठेवावा.

गणपतीला वर्षातून एकदा गावी जाणाऱ्यांनी फिल्मच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी डंपरपासून अंतर ठेवावं. रस्त्यावरून उडालेल्या खड्याचा मार बराचसा आपल्याच वेगाने ठरतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात तर धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ताडपत्री न टाकलेला डंपर पुढे असेल तर मागे चिकटून न राहता एक तर सुरक्षित ओव्हरटेक करावा, नाहीतर थांबून चहा घ्यावा. आणि डायव्हर्जनवर 40 च्या वर जाऊच नये. गाडीत पारदर्शक चिकटपट्टीचा रोल मात्र असू द्या.

मी दुसरी फिल्म लावून घेतली आहे, दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे कडा नीट बसतात. कारागीर तोच, डाव्या कोपऱ्यातली लाट या वेळी नाही. तिच्यासोबतच वायपरची रबरं बदलली आणि पुढच्या जूनच्या आधी पुन्हा बदलणार आहे.