आठ महिने ट्यूबच्या टीव्हीसमोर: ओव्हरस्कॅन सांभाळत खेळ लिहिताना

एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलसाठी एक खेळ मी दीड वर्षापासून लिहितोय. पहिले दहा महिने सगळं एमुलेटरवरच, म्हणजे कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरच, चाललं होतं. गेले आठ महिने मात्र टेबलावर १४ इंची ट्यूबचा टीव्ही कायमचा मांडलेला आहे आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचं काम त्याच्यावर चालवून बघितल्याशिवाय मी उठत नाही.

टीव्ही जोडला त्या पहिल्याच दिवशी स्कोअरचे आकडे वरून अर्धे कापलेले दिसले. इंग्रजी तीन आणि पाच यांचा खालचा भाग माझ्या फाँटमध्ये हुबेहूब सारखा आहे, त्यामुळे स्कोअर तीनशे आहे की पाचशे हेच कळेना. चूक कुठे झाली ते लगेच लक्षात आलं. एमुलेटर चित्राच्या वरच्या आणि खालच्या आठ-आठ आडव्या रेघा कापून २४० पैकी २२४ रेघा दाखवत होता. मी स्कोअर नेमका नवव्या रेघेपासून सुरू केला होता आणि तिथे तो वरच्या कडेला अगदी चपखल बसलेला दिसायचा. खऱ्या टीव्हीने वरून १२ रेघा खाल्ल्या आणि खालून फक्त ५. आठ-आठ हा एमुलेटरचा सोयीचा आकडा आहे. टीव्हीला तो माहीत नसतो.

ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत किती लांब वळेल हे व्होल्टेजवर, आतल्या भागांच्या वयावर आणि तापण्यावर ठरतं. कडेला काळी पट्टी कधीच दिसू नये म्हणून टीव्ही बनवणारे चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच ठेवायचे; हाच ओव्हरस्कॅन. म्हणून दोन टीव्ही सारखं कापत नाहीत, आणि एकच टीव्ही सुरू केल्या केल्या आणि अर्ध्या तासाने सारखं कापत नाही. २४०पी टेस्ट सूट या टीव्ही तपासायच्या प्रोग्राममध्ये ओव्हरस्कॅन मोजायची स्क्रीन आहे. चारही कडा एकेक पिक्सेल आत घेत किती लपलंय ते त्यात बघता येतं. मी ते माप आता टीव्ही पुरता तापल्यावरच घेतो.

प्रसारणाच्या जगात यावर जुना तोडगा आहे. एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेच्या जुन्या शिफारशीनुसार महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवायचा; याच सुरक्षित चौकटी. (२००९ च्या मानकात हेच आकडे ९३ आणि ९० झाले, पण ट्यूबसाठी जुनेच धरावेत.) एनईएसवर हे लावताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टीव्हीच्या एका रेघेच्या दिसणाऱ्या भागात या कन्सोलचे साधारण २८० पिक्सेल मावतात आणि कन्सोल भरतो २५६. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना थोडी जागा मुळातच सुटलेली असते. उभ्या दिशेला तसं काही नाही, २४० च्या २४० रेघा भरलेल्या. म्हणून कात्री बसते ती वर आणि खालीच. २८० आणि २४० चे ८० टक्के काढले की २२४ बाय १९२ येतात, म्हणजे २८ बाय २४ टाइल (टाइल म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा चौकोन): बाजूंना दोन-दोन आणि वर-खाली तीन-तीन टाइल सोडायच्या.

मग १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स पुन्हा चालवून टाइल मोजल्या. ओळी शून्यापासून मोजल्या तर वरचं नाव दुसऱ्या ओळीत आहे, म्हणजे डोक्यावर १६ रेघा मोकळ्या. बाजूंना तीन-तीन टाइल मोकळ्या. हिशेबापेक्षा वर थोडं धीट आणि बाजूंना जास्त सावध. मला आधी वाटलं, आपणही दुसरीच ओळ घ्यावी. पण बॉस मरतो तेव्हा माझ्या खेळात पूर्ण स्क्रीन पांढरी होते आणि तेवढ्या क्षणी चित्र चहूबाजूंनी फुगतं. पांढऱ्यासाठी झोत वाढतो, ट्यूबचं उच्च व्होल्टेज थोडं खाली येतं आणि चित्र पसरतं. फ्रेम मोजून पाहिलं तर वर आणखी ३ रेघा जात होत्या. १२ आणि ३ मिळून १५, दुसऱ्या ओळीत स्कोअर ठेवला असता तर एकच रेघ शिल्लक. एमुलेटरवर हे जन्मात दिसलं नसतं. स्कोअर तिसऱ्या ओळीत आणला आणि लखलखाट पांढऱ्याऐवजी फिकट करड्यावर उतरवला.

जमिनीचंही तेच. पहिल्या टप्प्यात जमीन फक्त शेवटच्या टाइल-ओळीची होती. माझ्या टीव्हीवर तिची निम्म्याहून कमी जाडी उरायची आणि नायक प्लास्टिकच्या चौकटीवरून चालतोय असं वाटायचं. आता जमीन कमीत कमी तीन ओळी जाड ठेवतो. शत्रू कुठूनही येवो, त्याने खेळाडूला धोका द्यायला सुरुवात करायची ती सुरक्षित चौकटीत आल्यावरच. या एका नियमाने खेळ जितका सुधारला तितका दुसऱ्या कशानेच नाही. आधी खाली लपलेल्या काट्यांवर जीव जायचा आणि खेळणाऱ्याला का मेलो तेच कळायचं नाही.

लपलेल्या जागेचा मला फायदाही झालाय. उभ्या स्क्रोलमध्ये, म्हणजे चित्र वर-खाली सरकताना, नवी ओळ लिहिली जाते तिथे रंग क्षणभर चुकतात, कारण रंग १६ बाय १६ च्या ठोकळ्याला मिळून ठरतो. हा सांधा मी वर-खालच्या लपलेल्या रेघांत ढकललाय. अटारी २६०० या आणखी जुन्या कन्सोलवर तर ही सोय हिशेबातच धरलेली असे: २६२ रेघांपैकी १९२ चित्राच्या आणि ३० ओव्हरस्कॅनच्या, आणि त्या ३० रेघांच्या वेळात खेळाचं गणित उरकायचं. पण पाल या दुसऱ्या प्रसारणपद्धतीच्या टीव्हीवर ही लपवालपवी उघडी पडते. तिथे २८८ रेघांची जागा असल्याने कन्सोलचं चित्र वरपासून खालपर्यंत दिसतं. त्या आवृत्तीसाठी सांध्यावर वेगळी काळी पट्टी टाकावी लागली.

टीव्हीबद्दलच्या तक्रारीही आहेतच. जड आहे, जागा खातो, आणि त्याची बारीक शिट्टी रात्री डोक्यात बसते. चित्र मध्यावर नाही म्हणून मागचं झाकण उघडायचा मोह झाला होता. उघडलं नाही, आणि तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो.

प्रत्येकाने असा टीव्ही घ्यावाच असं मी म्हणणार नाही. एडिटरमध्ये ९० आणि ८० टक्क्यांच्या दोन चौकटी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि एमुलेटरची कापाकापी बंद करून पूर्ण २४० रेघा बघत जा. पण पातळ्यांची रचना पक्की करण्याआधी एकदा तरी कुणाच्या तरी ट्यूबवर खेळ चालवा. मी नंतर एका मित्राच्या मोठ्या टीव्हीवर नेऊन पाहिला. त्याने वरून १४ रेघा खाल्ल्या, तरी स्कोअरच्या डोक्यावर १० शिल्लक होत्या. नकाशाच्या स्क्रीनवरचं गावाचं नाव मात्र अजून दुसऱ्या ओळीतच आहे, ते या आठवड्यात खाली आणतोय.