सुट्टीपुरते घर: परदेशी अनाथ मुलांसाठीच्या यजमान-कार्यक्रमाचे परीक्षण

परदेशातील बालगृहात वाढणाऱ्या मुलाला नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे आपल्या घरी ठेवून घेण्याचे कार्यक्रम अमेरिकेत अनेक संस्था चालवतात. गेल्या नाताळात अशाच एका संस्थेमार्फत कोलंबियातील बारा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे राहून गेली. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण एका संस्थेचे गुणदोष सांगण्यापेक्षा अशा सेवेकडून नेमके काय अपेक्षावे, हे लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. माझे मत आधीच नोंदवतो: मूल घरी असतानाच्या काळात या संस्थेचे काम उत्तम होते, मात्र मूल परत गेल्यानंतरची जबाबदारी तिने जवळजवळ वाऱ्यावर सोडली, आणि मुलाच्या दृष्टीने तोच टप्पा सर्वांत अवघड असतो.

मुलांना अशा रीतीने परदेशी कुटुंबांत पाठवण्याची प्रथा १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर मोठ्या प्रमाणावर रुजली. बेलारूस आणि युक्रेनमधील हजारो मुले प्रकृती सुधारावी म्हणून इटली, आयर्लंड, जर्मनी, स्पेन या देशांतील घरांत उन्हाळा काढू लागली. त्यांतली बरीचशी अनाथ नव्हतीच. पुढे अमेरिकेत या कल्पनेला दत्तकविधानाची जोड मिळाली आणि बालगृहांतील मोठ्या वयाची मुले येऊ लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर तिथून येणारा ओघ आटला. कोलंबियात मुलांच्या संगोपनाचा आणि दत्तकविधानाचा कारभार १९६८ मध्ये स्थापन झालेली ‘कोलंबियन कुटुंबकल्याण संस्था’ पाहते. ती सरकारी असून तिच्या परवानगीवाचून एकही मूल अशा कार्यक्रमासाठी देशाबाहेर जाऊ शकत नाही. अनाथ या शब्दाने वाचकांची एक गैरसमजूत होऊ शकते. या मुलांपैकी अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात, फक्त त्यांचा पालकत्वाचा हक्क कायद्याने संपुष्टात आलेला असतो. आमच्याकडे आलेली मुलगीही अशांपैकीच होती आणि ही गोष्ट संस्थेने आम्हाला पहिल्याच बैठकीत स्पष्टपणे सांगितली, याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

निवडप्रक्रिया कडक आहे आणि ती तशीच असावी. घरातील प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, उत्पन्नाचा आणि आरोग्याचा दाखला, समाजसेविकेची घरभेट आणि त्यानंतरचा तिचा लेखी अहवाल हे सारे झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. समाजसेविकेने आमच्या दोन्ही मुलांशी स्वतंत्रपणे, आम्हाला खोलीबाहेर पाठवून संवाद साधला. येणाऱ्या मुलासाठी घरातील मुले मनापासून तयार आहेत की आईवडिलांच्या उत्साहाखाली दबून हो म्हणत आहेत, हे ताडण्याची ती रीत मला फार समंजस वाटली.

याच प्रक्रियेतील एक गोष्ट मात्र मला अजूनही खटकते. अर्ज मंजूर झाल्यावर कुटुंबांना छायाचित्रांची यादी पाहायला मिळते आणि प्रत्येक छायाचित्राखाली वय, स्वभाव, छंद यांच्या दोन-तीन ओळी असतात. हसरी, मनमिळाऊ, नृत्याची आवड असलेली. असे वाचत वाचत माणसाचे बोट पुढच्या चित्राकडे सरकते, आणि कमी हसणाऱ्या मुलाचे काय होत असेल, हा प्रश्न मनातून जात नाही. आम्ही यादी न पाहता समन्वयिकेलाच सुचवायला सांगितले. तिने आमच्या मुलांची वये, आमचे कामाचे तास आणि घरात बोलली जाणारी जुजबी स्पॅनिश विचारात घेऊन एक नाव सुचवले. मराठी घरांतून कुणी अर्ज करणार असेल, तर त्यांनीही हाच मार्ग धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

संस्थेची खरी ताकद मूल घरी आल्यानंतर दिसली. समन्वयिकेच्या सूचना छोट्या होत्या, पण त्यांमागे अनुभव होता. मुलगी प्रत्येक वेळी फ्रिज उघडण्यापूर्वी आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहून थांबे आणि आम्ही मान हलवली तरी हात पुढे करत नसे. समन्वयिकेने सांगितले की तोंडी परवानगी देत बसू नका. खालच्या फळीवर तिच्या नावाची एक टोपली ठेवा, त्यात केळी, बिस्किटे, चीज असे काहीबाही असू द्या आणि ती कधीही रिकामी दिसू देऊ नका. पहिल्या काही दिवसांत टोपलीतील वस्तू रात्रीत नाहीशा होऊन तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात जात. आम्ही काही बोललो नाही, टोपली भरत राहिलो. हळूहळू बॅगेतील साठा वाढायचा थांबला आणि एके दुपारी तिने त्याच टोपलीतील केळे सोलून अर्धे आमच्या धाकट्याला दिले.

तितकाच उपयोगी ठरला भिंतीवरच्या कॅलेंडराचा सल्ला. परतीचा दिवस पहिल्याच दिवशी तिच्यासमोर वेगळ्या रंगाने नोंदवा, असे आम्हाला बजावले होते. ऐकताना ते कठोर वाटले होते. परंतु मोठ्यांच्या निर्णयांनी ज्यांचे घर वारंवार बदलले आहे, त्या मुलांना अनपेक्षित गोष्टीची धास्ती सर्वाधिक असते, हे समन्वयिकेने समजावल्यावर त्यामागचे कारण पटले. मुलगी रोज सकाळी स्वतः त्या दिवसावर फुली मारत असे. कोलंबियात १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री प्रार्थना आणि गाणी म्हणण्याची प्रथा आहे आणि भेटवस्तू २४ च्या मध्यरात्री बाळ येशू आणतो, अशी मुलांची श्रद्धा असते. संस्थेच्या पुस्तिकेत हे तपशिलाने दिले होते. त्यामुळे आमच्या घरात नाताळ तिच्या वेळापत्रकाने झाला. आपल्याकडचे मूल दिवाळीत परक्या घरी असते आणि तिथे कुणी त्याला पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठवले असते, तर त्याला जे वाटले असते, ते आम्हाला तिच्या चेहऱ्यावर दिसले.

दुभाष्याच्या सेवेबद्दल तेवढे चांगले लिहिता येत नाही. चोवीस तास दूरध्वनीवर दुभाषी मिळेल, असे माहितीपत्रकात छापले आहे. दिवसा तो मिळतो. रात्री मात्र आम्हाला दीर्घकाळ थांबावे लागले. या मुलांची बहुतेक रडारड रात्रीच होते. मोबाईलवरच्या भाषांतराने ‘पोट दुखते का’ विचारता येते, ‘तुला कुणाची आठवण येते आहे’ हे त्याच्या आधाराने विचारू नये असे मला वाटते.

दत्तकाविषयी घरात अवाक्षरही काढायचे नाही, हा संस्थेचा नियम कडक आहे आणि मी त्याचे पूर्ण समर्थन करतो. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा १९९३ चा हेग करार कोलंबियाने स्वीकारला आहे आणि अमेरिकेत तो एप्रिल २००८ पासून लागू आहे. या कराराचा सारा रोख मुलांचा बाजार होऊ नये याकडे आहे. सुट्टीतील पाहुणचाराचे नियम मात्र त्यात नाहीत, त्यामुळे तिथे संस्थेच्या शिस्तीवरच भिस्त असते. मूल पर्यटक-व्हिसावर येते, त्याचे पालकत्व कोलंबियातील अधिकाऱ्यांकडेच राहते आणि यजमानांना त्याच्या भविष्याबद्दल कोणतेही आश्वासन देण्याचा हक्क नसतो. तरीही वयाचा एक काटा सतत टिकटिकत असतो. अमेरिकी कायद्यानुसार दत्तक मुलाला देशात आणण्यासाठीचा अर्ज साधारणपणे त्याच्या सोळाव्या वाढदिवसापूर्वी दाखल व्हावा लागतो. धाकटे भावंड त्याच कुटुंबात दत्तक आले असेल, तर अठरापर्यंत सवलत मिळते. बारा वर्षांच्या मुलीला हे ठाऊक नसते, पण तिच्याबरोबर आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते पुरते ठाऊक असल्याचे विमानतळावर त्याच्या अतिसौजन्यातून जाणवत होते. प्रत्येक प्रौढाचा हात धरणारे, प्रत्येकाचे सामान उचलू पाहणारे ते मूल पाहून मला या साऱ्या रचनेची धार पहिल्यांदा कळली. मुलांनी परीक्षेला बसल्यासारखे वागू नये, यासाठी संस्थेने त्यांच्या बाजूने काय तयारी करून घेतली, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

परतीनंतर मुख्य उणीव उघडी पडली. निरोपाच्या तयारीबद्दल मार्गदर्शन होते: महागडी इलेक्ट्रॉनिक वस्तू देऊ नका, कारण बालगृहात तिच्यावरून भांडणे होतात किंवा ती हरवते, त्याऐवजी स्पॅनिश ओळी लिहिलेला छापील छायाचित्रसंग्रह आणि अंगाला नीट बसणारे कपडे द्या. हे सगळे आम्ही केले. पण विमान सुटल्यानंतर आमच्याकडे आला तो फक्त एक फॉर्म. त्यात मुलीला आज्ञाधारकपणा, स्वच्छता, जिव्हाळा यांसाठी गुण द्यायचे होते. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि त्याऐवजी तिच्या दाताच्या तपासणीचा अहवाल, चष्म्याचा नंबर आणि रात्री दिवा लागतो ही नोंद जोडली, कारण तिथल्या काळजीवाहूंना उपयोगी पडेल ते एवढेच होते. व्हिडिओ कॉलची विनंती आम्ही लगेच केली. त्यासाठी कोलंबियातील अधिकाऱ्यांची संमती लागते, हे मान्यच आहे. पण अर्ज कुठवर आला, एवढे कळवायलाही संस्थेत कुणी नेमलेले नव्हते. कॅलेंडरावरच्या फुल्यांनी तिला आमच्या घरातून निघण्याची तयारी करून दिली. त्यापुढे हे लोक आपल्याला विसरले नाहीत, हे तिला कोण सांगणार होते? डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पालकांविना राहणाऱ्या मुलांच्या हक्कांबाबत ठराव केला, तेव्हा परदेशी स्वयंसेवकांच्या तात्पुरत्या जिव्हाळ्याने बालगृहांतील मुलांचे होणारे नुकसान हाही त्यामागच्या चिंतेचा एक भाग होता. यजमान-कार्यक्रम त्या चिंतेपासून दूर आहेत, असे मानणे चुकीचे होईल.

शुल्क काही हजार डॉलर आहे. त्यात विमानभाडे, व्हिसा, विमा आणि सोबत येणाऱ्या प्रौढांचा खर्च येतो. रक्कम अवाजवी नाही, पण त्यातील काही वाटा परतीनंतरच्या संपर्कासाठी राखून ठेवावा, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे. गुण देण्याचा रकाना पुढच्या हंगामापासून काढून टाकू, असे उत्तर आले. संपर्काबद्दल विचार चालू आहे म्हणतात. दरम्यान कुणी सही करण्याच्या बेतात असेल, तर रात्रीचा दुभाषी कोण, मुलांची पूर्वतयारी कोण घेते आणि मूल परत गेल्यावर पहिले पत्र किंवा कॉल किती दिवसांत होईल, ही तीन उत्तरे संस्थेकडून लेखी मागून घ्यावीत. ज्या संस्थेला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तिच्याकडे पुढच्या नाताळासाठी मी तरी अर्ज करणार नाही.