पहिली कनू सहल: अल्गॉन्क्विन की बाउंड्री वॉटर्स?

मुलं आठ-दहा वर्षांची झाली, पोहायला शिकली, तंबूची सवय झाली. आता गाडीशेजारचा कॅम्प सोडून कनूने, म्हणजे वल्हवायच्या निमुळत्या बोटीने, जंगलात आत जायचं आणि दोन-तीन रात्री काढायच्या असं ठरतंय, पण बोट खांद्यावर घेऊन मैलभर चालायची कुणाची तयारी नाही. टोरोंटो, शिकागो किंवा मिनिआपोलिसच्या मराठी कुटुंबासमोर अशा वेळी दोन नावं असतात: ओंटारिओतलं अल्गॉन्क्विन आणि मिनेसोटातलं बाउंड्री वॉटर्स. दोन्हीकडे तळ्यामागून तळी आहेत. एक तळं संपलं की बोट आणि सामान पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत वाहून न्यायचं. त्यालाच पोर्टेज म्हणतात.

पोर्टेज सोपं की अवघड हे नकाशावरच्या आकड्यावरून ठरवू नका. नवखं कुटुंब सगळं सामान एका खेपेत नेऊ शकत नाही. एकदा बोजा घेऊन जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं आणि उरलेलं घेऊन पुन्हा जायचं, म्हणजे प्रत्येक अंतर तिप्पट होतं. त्याहून जास्त दमवतं ते काठावरचं काम. गुळगुळीत दगडांवर घोटाभर पाण्यात उभं राहून बोट धरायची, पिशव्या उतरवायच्या, वल्ही आणि लाइफ जॅकेटं गोळा करायची आणि पलीकडे तेच सगळं उलट करायचं. म्हणून एकूण मीटर कमी असण्यापेक्षा बोट कमी वेळा रिकामी करावी लागणं महत्त्वाचं. माझी निवड याच कसोटीवर आहे.

अल्गॉन्क्विन 1893 सालचं, साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं उद्यान. टोरोंटोहून गाडीने साधारण तीन तास. पहिल्या सहलीसाठी मी कनू लेकवरून निघायला सांगेन. टॉम थॉमसन हा चित्रकार 1917 च्या जुलैमध्ये इथेच मरण पावला, त्याचं स्मारक काठावर आहे. तळ्याच्या उत्तर टोकाला 295 मीटरचं पोर्टेज लागतं. वाट रुंद आणि मळलेली. ते ओलांडलं की जो लेक, आणि तिथून टेपी लेकवरून थेट टॉम थॉमसन लेकपर्यंत दुसरं पोर्टेज नाही. फार तर बीव्हर या प्राण्याने घातलेल्या बांधावरून बोट ओढून घ्यावी लागेल. दोन खेपा धरल्या तरी चालणं नऊशे मीटरच्या आत आणि बोट फक्त एकदा रिकामी. इतक्या कमी कष्टात इतकं आत नेणारी दुसरी वाट मला माहीत नाही. तोटा म्हणजे गर्दी. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी त्या पोर्टेजवर रांग लागते. पोर्टेज अजिबातच नको असेल तर ओपिओंगो हे उद्यानातलं सगळ्यात मोठं तळं आहे आणि तिथे वॉटर टॅक्सीही मिळते. मात्र दुपारी वारा सुटला की त्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात, त्यामुळे वल्हवायचं ते सकाळी लवकर.

बाउंड्री वॉटर्स दहा लाख एकरांहून मोठं, हजारावर तळ्यांचं. मिनिआपोलिसहून ईली गावापर्यंत चार तास धरा. इथे पोर्टेज मीटरमध्ये नाही, रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे पाच मीटर, जवळपास कनूच्या लांबीइतका. सोपी सुरुवात लेक वन या तळ्यावरून. लेक टूला जाताना आधी 30 रॉडचं पोर्टेज, मग एक छोटं डबकं, मग 40 रॉडचं. एकूण साडेतीनशे मीटर, अल्गॉन्क्विनपेक्षा फार जास्त नाही, पण बोट दोनदा रिकामी करायची. त्यानंतर टू, थ्री आणि फोर ही तळी एकमेकांना जोडलेली, पोर्टेजशिवाय फिरता येतात. 2011 च्या पगामी क्रीक वणव्यात या बाजूचं बरंच जंगल जळालं. दाट जुन्या झाडांची अपेक्षा असेल तर तिथली कोवळी वाढ पाहून हिरमोड होईल. मला स्वतःला जळालेल्या उंच खोडांखाली दाटलेली जॅक पाइनची रोपं बघायला आवडतात.

खरा फरक परवान्यात आहे. अल्गॉन्क्विनमध्ये प्रत्येक रात्रीचं तळं आधी ठरवून आरक्षित करायचं, तेही पाच महिने आधीपासून. त्या तळ्यावरची कुठलीही मोकळी जागा घ्या, पण तळं बदलता येत नाही. बाउंड्री वॉटर्सचा परवाना फक्त कुठून आणि कोणत्या दिवशी शिरणार एवढंच बांधतो. पुढे हवं तिथे राहा. एखादं तळं आवडलं, मुलं दमली, तर तिथेच मुक्काम वाढवा. उलट सगळ्या जागा भरलेल्या निघाल्या तर संध्याकाळी दमलेल्या मुलांना घेऊन पुढे वल्हवायचं. म्हणून तिथे दुपारी दोनच्या आत जागा धरावी.

दिशा शोधणंही वेगळं. अल्गॉन्क्विनमध्ये पोर्टेजला पिवळी आणि मुक्कामाच्या जागेला केशरी पाटी असते, ती पाण्यातूनच दिसते. बाउंड्री वॉटर्समध्ये पाट्या नाहीत. नकाशावर मुक्कामाच्या जागा दाखवणारे लाल ठिपके आणि समोरचा काठ यांचा मेळ तुम्हीच घालायचा. लेक वनमध्ये बेटं आणि खाड्या इतक्या आहेत की नकाशा मांडीवर उघडा ठेवूनच वल्हवावं. ज्यांना ते आवडतं त्यांना तिथला एकांत जास्त खोल वाटेल.

सामानाचे नियम जवळपास सारखे. जास्तीत जास्त नऊ माणसं, डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या बंद. म्हणजे लोणच्याची बरणी घरीच ठेवून लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत घ्या. भाजणी, मेतकूट, फोडणी घालून कोरडे केलेले पोहे उत्तम. दोन्हीकडे काळी अस्वलं आहेत, त्यामुळे अन्न रात्री तंबूत नको, झाडावर टांगा किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा. पोर्टेजसाठी केव्हलर या हलक्या, मजबूत धाग्याची कनू भाड्याने घ्या, साधारण वीस किलोची. अॅल्युमिनियमची तीसच्या वर जाते. मे-जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास मुलांना रडवतात आणि मेमधलं पाणी जिवावर बेतेल इतकं गार असतं. ऑगस्टचा शेवट सगळ्यात चांगला.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाही बघा. एच-वनबीवर अमेरिकेत असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही. कॅनडात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मिनेसोटासाठी अमेरिकेचा व्हिसा हवाच.

लहान मुलं किंवा साठीचे आई-बाबा बरोबर असतील तर मी निःशंकपणे कनू लेक सांगेन, शक्यतो सोमवार ते गुरुवार. दोन्ही मोठी माणसं नकाशा वाचण्यात पक्की असतील आणि ठरलेल्या वेळापत्रकाचा कंटाळा असेल तर लेक वन. त्याचा परवाना जानेवारीच्या शेवटी आरक्षण उघडल्यावर लगेच घ्यावा. नाही मिळाला तर सॉबिल लेकवरून शिरा. तिथून आल्टन लेक अवघ्या 30 रॉडवर आहे आणि एकाच पोर्टेजमध्ये काम भागतं.